कोर्टानं दिलेला माणूस

मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळींत सगळे त्यांना पाठीमागे ब्रेककाका म्हणायचे. एका मोठ्या मोटार कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचं त्यांचं काम होतं, म्हणून हे नाव पडलं असं सांगत. पण खरं कारण वेगळं होतं. गप्पा रंगात आल्या की काका त्यांना ब्रेक लावायचे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी म्हणावं, "त्या अमक्यांच्या घरी काही बरं नाही म्हणे. ती वेगळी राहते आता." की काका हातातली प्लेट टेबलावर ठेवत आणि विचारत, "पाह्यलं का?"

"पाहिलं नाही हो, पण सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी पाह्यलं का?"

हळूहळू लोक आपापल्या प्लेटा घेऊन दुसऱ्या खोलीत सरकायचे आणि काका कोचावर एकटे उरायचे. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. ते शांतपणे चिवड्यावर थंड दूध ओतून चमच्यानं खात बसायचे. हा त्यांचा आणखी एक प्रकार. आम्हा पुण्याच्या माणसांना चिवड्याची ही अवस्था बघवत नाही, पण भाडेकरूनं बोलून बोलून किती बोलायचं?

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. ऐंशीच्या दशकातला मधला काळ. मास्टर्स संपवून मला डेट्रॉइटजवळ नोकरी लागली होती, लग्न व्हायचं होतं, आणि एकट्या मुलीनं अपार्टमेंट घेण्यापेक्षा नोव्हाय गावात एका मराठी कुटुंबात राहिलेलं बरं, असं पुण्यात परस्पर ठरलं होतं. काकू मूळच्या ठाण्याच्या, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायच्या. काका नागपूरचे. उंच, रुंद, जड आवाजाचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. पहिल्याच रविवारी काकांनी माझी सेकंडहँड गाडी एका बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेली, मला शेजारी बसवलं, वेग घेतला आणि करकचून ब्रेक मारला. गाडी तिरकी होत होत बरीच पुढे जाऊन थांबली.

"विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ब्रेक नवीन आहेत," मी छातीवर हात ठेवून म्हटलं.

"त्यानं सांगितलं. गाडीला विचारलं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर काका ड्राइव्हवेवर गाडीखाली झोपून पॅड बदलत होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीनं माणसं कमी केली. काकांना काढलं. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यभर एकच काम केलेला. मराठी मंडळातल्या लोकांचे फोन यायचे ते काकूंना, तेही दबक्या आवाजात, घरात कुणी आजारी असल्यासारखे. काका मात्र रोज सकाळी दाढी करून, टाय बांधून जेवणाच्या टेबलाशी पेपर घेऊन बसायचे. नोकऱ्यांच्या जाहिराती संपल्या की लायब्ररीत जायचे. एकदा तिथल्या नोटीस बोर्डवर त्यांनी एक पत्रक पाहिलं. मुलांच्या कोर्टाला स्वयंसेवक हवेत, असं त्यात म्हटलं होतं.

हे काम काय असतं ते मला काकांनीच समजावून सांगितलं. घरात मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याच्याकडे कुणी बघतच नसेल, तर सरकार मूल तिथून काढतं आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवतं. त्याला फॉस्टर घर म्हणतात. मग कोर्टात तारखा पडत राहतात. आईचा वकील असतो, सरकारचा वकील असतो, सोशल वर्कर असतो, पण त्याच्यावर अशा कितीतरी मुलांचा भार. त्या एका मुलासाठी म्हणून कुणी घर, शाळा, डॉक्टर सगळीकडे जाऊन, स्वतः बघून न्यायाधीशाला सांगेल असं कुणीच नसतं. म्हणून काही काउंटींत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, कोर्ट साध्या नागरिकांना शिकवायचं, शपथ द्यायचं आणि एकेका मुलासाठी नेमायचं. पगार नाही, पेट्रोलही आपलंच.

"म्हणजे कोर्ट त्या मुलाला एक माणूस देतं," काका म्हणाले. "आणि त्या माणसानं काय करायचं? तर जाऊन पाहायचं. माझंच काम आहे हे."

या स्वयंसेवकांची व्यवस्थापक डोरोथी नावाची बाई होती. बारीक, पांढऱ्या केसांची, सतत पेन्सिल चावणारी. तिनं मुलाखतीत काकांना विचारलं, "तुम्हाला मुलं आवडतात का?" 

"माहीत नाही. फारशी पाह्यली नाहीत," काका म्हणाले.

डोरोथीनं त्यांना घेतलं. पुढे ओळख झाल्यावर तिनंच मला सांगितलं, "मुलं फार आवडतात म्हणणारे पुष्कळ येतात. माहीत नाही म्हणणारा पहिलाच."

मग शिक्षण सुरू झालं. एका चर्चच्या तळघरात आठवड्यातून दोनदा वर्ग असायचा. काका तिथून परत आले की स्वयंपाकघरात काकूंना आणि मला शिकवायला लागायचे. मुलाला 'का' असं विचारायचं नाही, त्याला वाटतं आपलंच चुकलं. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. मुलाच्या पातळीवर बसायचं. हे शेवटचं त्यांनी शब्दशः घेतलं. गॅरेजमध्ये खटपट करून त्यांनी एक ठेंगणं लाकडी स्टूल बनवलं आणि त्यावर बसायचा सराव करू लागले. एवढा धिप्पाड माणूस त्या स्टुलावर बसला की गुडघे कानाशी यायचे. काकू पोळ्या लाटता लाटता हसून बेजार.

"हसू नको. मी कसा दिसून राहिलो ते सांग. भीती वाटते का?"

"भुवया खाली करा," काकू म्हणाल्या. "मला लग्नात वाटली होती."

काका शपथ घेऊन आले, कोर्टानं त्यांना एका मुलासाठी नेमलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. मुलाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. नवऱ्याबायकोतसुद्धा नाही. काका नियम पाळणारे, त्यामुळे आम्हाला एवढंच कळलं की ती मुलगी आहे, तेही त्यांच्या तोंडून 'पोट्टी' असा नागपुरी शब्द निसटला म्हणून. बस. त्यानंतर घरात ती नुसती पोट्टी. "उद्या पोट्टीकडे जायचं आहे." "पोट्टीच्या शाळेत मीटिंग आहे." नाव, वय, गाव, कशाचाच पत्ता नाही. तिला भेटायला जाताना ते कंपनीत घालायचे तो सूट घालत, वर माकडटोपी, आणि स्टूल काखोटीला.

पोट्टीशी काय बोलायचं हा मोठाच प्रश्न होता. पहिल्या भेटीनंतर आले तेव्हा चेहरा पडलेला होता. मला विचारलं, "लहान मुली काय बोलतात?"

"ती काय बोलली?"

"काही नाही. मीही नाही. तिनं रंगवलं, मी पाहत बसलो."

"मग छान झालं की."

"झालं का? तासभर?" त्यांना पटलं नाही. पण पुढच्या वेळी जाताना त्यांनी स्वतःसाठीही रंगीत खडूंची एक पेटी घेतली. 

मंडळात हे कळायला वेळ लागला नाही. गणपतीत एका डॉक्टरांनी जेवताना विषय काढला. चांगले गृहस्थ होते, फक्त सगळ्यांना सल्ला द्यायची सवय. "अहो, या अमेरिकन लोकांची घरं म्हणजे काय सांगावं! आपण इमिग्रंट माणसं. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचं? त्यापेक्षा रेझ्युमे अपडेट करा."

"कोर्टानंच नाक मागितलं आहे, डॉक्टर," काका म्हणाले. "म्हणून घेऊन जाऊन राहिलो."

सगळे हसले, डॉक्टरही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चाललं होतं, त्यात माझं भाडं. रेझ्युमेचं बोलणं त्यांना लागलं होतं.

त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. मी ऑफिसातून आले तर काकांची गाडी ड्राइव्हवेवर, पण काका घरात नाहीत. बाहेर हाडं फोडणारी थंडी. काकू खिडकीशी येरझाऱ्या घालत होत्या. बऱ्याच वेळानं रस्त्याच्या टोकाला माकडटोपी दिसली. काका चालत येत होते. दारात आले तेव्हा भुवयांवर बर्फ होता आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"गाडी इथे आणि तुम्ही कुठे होतात?" काकू ओरडल्याच.

"बसनं गेलो होतो."

"बसनं? इथे कोण बसनं जातं?"

"ज्याच्याकडे गाडी नाही तो."

चहा घेताना त्यांनी फक्त बसबद्दल सांगितलं. शहराच्या एका भागातून काउंटीच्या एका ऑफिसात बसनं वेळेवर पोचता येतं का, ते त्यांना पाहायचं होतं. एक बस, मग उघड्यावर उभं राहणं, मग दुसरी बस. दुसरी बस ऑफिसपासून लांब सोडते, आणि तिथून पुढे फूटपाथच नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेला, बर्फाच्या ढिगाऱ्यांतून, अंगावर चिखल उडवत जाणाऱ्या ट्रकांच्या बाजूनं चालायचं. काका पोचले तेव्हा ऑफिसचं दार बंद होऊन आतले दिवे मालवलेले होते.

"आणि निघालो वेळेवर होतो," ते म्हणाले. "पहिली बस पकडली होती."

"पण तुम्हाला तिथे जायचं कशाला होतं?" मी विचारलं.

"मला नव्हतं जायचं."

एवढंच. पण डोरोथीकडून मला एक गोष्ट ठाऊक झाली होती, तिच्यात गुपित काही नव्हतं. ज्यांची मुलं काढून घेतलेली असतात, त्या आईबापांनी मुलांना ठरलेल्या दिवशी एका सरकारी ऑफिसात येऊन भेटायचं असतं. आले नाहीत तर कागदावर नोंद होते, यांना मुलात रस नाही. दोन अधिक दोन मी मनातच केले आणि काकांना म्हटलं, "म्हणजे आई चांगली आहे तर."

काकांनी कप खाली ठेवला. "कोणाची आई? मी आईचं नाव घेतलं का?" मग म्हणाले, "कोणतीही आई घे. ती चांगली आहे की नाही, ते बस सांगत नाही. बस पोचत नाही, एवढंच मला माहीत आहे. तेवढंच मी सांगणार."

पुढच्या तारखेला त्यांनी कोर्टात काय सांगितलं ते अर्थातच आम्हाला कळलं नाही. मात्र त्या दिवशी ते घरी आले आणि कुणी न सांगता काकूंना भांडी घासू लागले. काही चांगलं झालं असावं.

फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. ओहायोतल्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीनं फोनवरून नोकरी देऊ केली. पगार पूर्वीइतकाच, पण लगेच हजर व्हायचं. आणि त्याच आठवड्यात डोरोथीनं कळवलं की नव्या बजेटमध्ये काउंटी त्यांच्या कार्यक्रमाचे पैसे बंद करणार आहे.

काकांनी ओहायोवाल्यांना मे संपेपर्यंत थांबायला सांगितलं. ते थांबणार नव्हते. मी बेसमेंटच्या जिन्यावर कपडे घेऊन उभी होते आणि वर दोघांचं बोलणं चालू होतं. खाली जावं की वर यावं, कळेना.

"वर्षभर वाट बघितली या फोनची," काकू म्हणत होत्या. "आणि तुम्ही त्यांनाच थांबा म्हणता?"

"पोट्टीची तारीख मे महिन्यात आहे."

"तिला दुसरं कुणी मिळेल."

"मिळेल ना. तिला आजवर सगळं दुसरंच मिळत आलं आहे. दुसरं घर, दुसरी शाळा, दुसरा सोशल वर्कर."

"आणि मी?" काकूंचा आवाज फाटला. "मी पहिलीच आहे म्हणून माझं काहीच नाही?"

काकूंचं चुकत नव्हतं, आणि ते काकांनाही दिसत होतं. ओहायोला त्यांनी नाही म्हणून कळवलं. त्यानंतर काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायच्या, पण माझ्याकडे बघून. "त्यांना विचार, अजून आमटी हवी का." मी विचारायचे. काका मला सांगायचे, "हवी म्हण."

बजेटची जाहीर सभा काउंटीच्या इमारतीत होती. मी गेले होते. समोर उंचावर काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाचे सदस्य, खाली एक मायक्रोफोन, त्याशेजारी सिग्नलसारखे तीन दिवे. प्रत्येकाला तीन मिनिटं. लाल लागला की थांबायचं. कार्यक्रमाच्या सर्वांत विरोधात होते हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक सदस्य. ते वाईट माणूस नव्हते. रस्त्यांवरचा बर्फ काढायलाच पैसे पुरत नाहीत, असं ते कळवळून सांगत होते. "आणि हे लोक स्वयंसेवक आहेत ना?" ते म्हणाले. "जे काम लोक फुकट करतात, त्याला पैसे कशाला लागतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा."

काका उठले. सूट, टाय. टोपी हातात. मागे दार उघडल्याचा आवाज झाला म्हणून मी वळून पाहिलं, तर काकू. हॉस्पिटलमधून थेट आल्या होत्या, लॅबचा पांढरा कोट अंगावर तसाच. शेवटच्या रांगेत कडेला बसल्या.

"सर, मी फुकट आहे," काका आपल्या जड नागपुरी इंग्रजीत म्हणाले. "आणि ट्रेनिंगच्या आधी मी धोकादायक होतो. मी मुलाला पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तुला कोणी मारलं? मी त्याला सांगितलं असतं, काळजी करू नको, सगळं ठीक होईल. या डोरोथीबाईंनी मला शिकवलं की हे दोन्ही करायचं नाही. मी कुठे चुकलो तर रात्री-बेरात्री त्या फोन उचलतात. तुमचे पैसे मला नकोत. माझ्यावर लक्ष ठेवायला तुमचे पैसे लागतात. न शिकवलेला माणूस मुलाच्या आयुष्यात सोडणं म्हणजे..." 

लाल दिवा लागला आणि काका थांबले. वाक्याच्या मध्ये, तोंड उघडं असताना थांबले.

बोर्डावर एक वयस्कर बाई होत्या. त्या म्हणाल्या, "प्लीज, वाक्य पूर्ण करा."

"लाल लागला आहे, मॅडम."

"माझी तीन मिनिटं घ्या."

"म्हणजे ब्रेकशिवाय गाडी रस्त्यावर सोडणं," काकांनी वाक्य पूर्ण केलं.

लोक हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही ज्या मुलासाठी काम करता, त्याचं एक उदाहरण द्याल? नाव नको. त्याच्या आयुष्यात तुमच्यामुळे काय बदललं, एवढंच."

डोरोथीनं पेन्सिल चावायची थांबवली. एक गोष्ट, फक्त एक, आणि ती सभा काकांच्या बाजूला झाली असती. मलाही ते कळत होतं. काकांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "ती त्याची गोष्ट आहे. ती सांगून पैसे मागायचा मला अधिकार नाही."

हार्डवेअरवाले मागे रेलले. "मग आम्ही कशाच्या जोरावर मत द्यायचं?"

"बसची गोष्ट सांगू शकतो. बस सरकारी आहे, तिचं गुपित नाही." आणि काकांनी ती बस सांगितली. उघड्यावर उभं राहणं, फूटपाथ नसलेला रस्ता, मालवलेले दिवे. आईबापांचा उल्लेख नाही, मुलाचा नाही. "सर, हे तुमच्या बोर्डाच्या ऑफिसातल्या कोणालाच माहीत नव्हतं. वाईट लोक आहेत म्हणून नाही. सगळे गाडीनं येतात म्हणून. कोणीतरी जाऊन पाहावं लागतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"बसमध्ये. तुम्ही म्हणाल त्या दिवशी. तिकीट माझं."

पुन्हा हशा झाला. पण त्या वयस्कर बाईंनी मतदान पुढच्या सभेपर्यंत पुढे ढकलायला सुचवलं, आणि हार्डवेअरवाल्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना.

हार्डवेअरवाले खरोखरच बसला आले. शिकारीचं जाड जाकीट घालून, वैतागलेल्या चेहऱ्यानं. दोघं गेले आणि दोघंही उशिरा पोचले. परतीच्या बसची वाट बघताना त्या गृहस्थांनी पलीकडच्या पेट्रोल पंपावरून दोन कॉफी आणल्या आणि तोपर्यंत बंद ठेवलेलं तोंड उघडलं. "माझी आई मला बसनं शाळेत सोडायची," एवढंच म्हणाले. काकांना वाटलं, जमलं.

मतदानाच्या दिवशी हार्डवेअरवाल्यांनी विरोधात मत दिलं. "मी बसनं गेलो. हा माणूस खोटं बोलत नाही," ते माइकवर म्हणाले. "पण मी लोकांना खर्च कमी करायचा शब्द देऊन निवडून आलो आहे." खाली बसलेले काका पटल्यासारखी मान हलवत होते. मग त्या वयस्कर बाई म्हणाल्या की माझं मत अजून ठरलेलं नव्हतं, पण विरोधकच जर साक्ष देत असेल तर मला आणखी काय हवं? एका मतानं पैसे मंजूर झाले. मागितले होते त्याहून कमी, डोरोथीची मदतनीस गेली, पण डोरोथी राहिली आणि फोन राहिला. पुढे त्या भेटींच्या ऑफिसची वेळही आठवड्यातून एक दिवस संध्याकाळपर्यंत वाढवली.

काका घरी येताना हार्डवेअरवाल्यांबद्दलच बोलत होते. "माणूस सरळ आहे. पाहून आला, पाह्यलं म्हणाला, आणि तरी आपला शब्द पाळला. भैताड आहे, पण सरळ आहे." भैताड म्हणजे नागपुरीत खुळा. नंतर कित्येक वर्षं ते खिळे आणि स्क्रू त्याच दुकानातून आणायचे.

ओहायोची नोकरी गेली ती गेलीच. वर्षाअखेरीस काका एका कम्युनिटी कॉलेजात गाडी दुरुस्ती शिकवायला लागले. पगार कमी, पण मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीव टाकायची. मी लग्न करून दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला गेले. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते एका मुलामागून एक मूल घेत राहिले. त्यातल्या एकाचंही नाव आम्हाला कुणाला कळलं नाही. पोट्टीचं मे महिन्यात काय ठरलं, ती आईकडे गेली की आणखी कुठे, हेही नाही. शोकसभेत त्याच डॉक्टरांनी भाषण केलं. ते म्हणाले, "त्यांनी नक्की काय केलं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सांगू शकत नाही." सभागृहात पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा.

पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

डोरोथीची शिकवण होती की मुलांना अचानक धक्का द्यायचा नाही. म्हणून काकांनी पोट्टीला आधीच सांगून ठेवलं होतं, की काही लोक एका मीटिंगमध्ये ठरवणार आहेत, मी तुझ्याकडे येत राहायचं की नाही. मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्याकडे गेले. संध्याकाळी परत आले ते कोटसुद्धा न काढता जेवणाच्या टेबलाशी बसले. काकू भात काढत होत्या. सभेला आल्या होत्या खऱ्या, पण बोलणं अजून माझ्यामार्फतच होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरळ काकांकडे वळल्या.

"काय झालं?"

काका टेबलाकडे बघत म्हणाले, "तिनं दार उघडलं आणि आत येऊ द्यायच्या आधी विचारलं, 'डिड दे कीप यू?'"

काकूंचा डाव भातातच राहिला.

"म्हणजे, तुला ठेवून घेतलं का त्यांनी. मी म्हटलं, हो, ठेवलं. तर म्हणाली, 'मलापण. मेपर्यंत.'"

मग एकदम भानावर आल्यासारखे ते काकूंकडे बघून म्हणाले, "हे मी सांगायला नको होतं. हे तिचं होतं."

काकूंनी त्यांच्या पानात भात वाढला, वर आमटी घातली.

"काय सांगायला नको होतं?" त्या म्हणाल्या. "आम्ही काही ऐकलं नाही. जेवा."